नाहीशा झालेल्या देशाचा पत्ता

दक्षिण दिल्लीतील चित्तरंजन पार्क ही वसाहत आज तेथील दुर्गापूजेसाठी, मासळीबाजारासाठी आणि बंगाली मिठाईसाठी प्रसिद्ध आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील जमिनीवर भूखंड आखण्यात आले, तेव्हा मात्र तिचे नाव निराळे होते. कागदोपत्री ती 'पूर्व पाकिस्तान विस्थापितांची वसाहत' होती, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला 'ईपीडीपी कॉलनी' म्हणत. भूखंड मागणाऱ्या अर्जदाराला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत. एक, तो पूर्व पाकिस्तानातून विस्थापित झालेला आहे. आणि दुसरी, राजधानीत त्याच्या उपजीविकेचे निश्चित साधन आहे. पुढे १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि पूर्व पाकिस्तान हे नाव नकाशावरून पुसले गेले. वसाहतीच्या नावात मात्र ते आणखी काही वर्षे टिकून राहिले. १९८० च्या दशकात वसाहतीला देशबंधू चित्तरंजन दास यांचे नाव देण्यात आले. देशबंधूंचे घराणे ढाका जिल्ह्यातील विक्रमपूर परगण्याचे. त्यांचे निधन १९२५ साली, म्हणजे पाकिस्तान अस्तित्वात येण्यापूर्वी बावीस वर्षे झाले होते.

नावातील हा बदल पाहता एक प्रश्न सहज उपस्थित होतो. ज्या भूमीचे राजकीय नाव उरले नाही, तेथून आलेल्या कुटुंबाने आपल्या पूर्वजांचा माग कसा काढावा? पूर्व पाकिस्तान हा काटेकोर अर्थाने देश नव्हता, एका देशाचा पूर्वेकडील प्रांत होता, हे खरे. परंतु निर्वासिताच्या दृष्टीने या भेदाला फारसे महत्त्व नाही. आपण कोठून आलो, या प्रश्नाचे जे उत्तर तो अर्जात लिहितो, ते उत्तरच एके दिवशी निरर्थक ठरते, एवढे त्याला कळते.

समजा, विक्रमपूर परगण्यातील एका खेड्यात १९०३ साली एक मूल जन्मले. जन्माच्या वेळी ते बंगाल इलाख्यात होते. ते दोन वर्षांचे असताना, ऑक्टोबर १९०५ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या फाळणीने त्याचे गाव 'पूर्व बंगाल व आसाम' या नव्या प्रांतात गेले. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीच्या दरबारात सम्राट पंचम जॉर्ज यांनी ती फाळणी रद्द केल्याची घोषणा केली. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणाही त्याच दिवशीची. मूल नऊ वर्षांचे होण्याच्या सुमारास गाव पुन्हा बंगालमध्ये आले. ऑगस्ट १९४७ मध्ये ते पाकिस्तानच्या पूर्व बंगाल प्रांतात गेले, १४ ऑक्टोबर १९५५ रोजी त्या प्रांताचे 'पूर्व पाकिस्तान' झाले आणि १९७१ साली ते बांगलादेशात आले. १९८४ साली जिल्हाही बदलला. ढाका जिल्ह्याचा तो भाग मुन्शीगंज या स्वतंत्र जिल्ह्यात समाविष्ट झाला. गाव जागचे हलले नाही. परंतु ऐंशी वर्षांच्या एका आयुष्यात त्याचा पत्ता सहा वेळा बदलला.

हा अनुभव केवळ भारतीय उपखंडाचा नव्हे. गॅलिशिया प्रांतातील जे लोक पहिल्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत गेले, ते ऑस्ट्रियाचे प्रजाजन होते. त्यांचे मुख्य नगर तेव्हा लेंबर्ग या नावाने ओळखले जाई. महायुद्धानंतर ते पोलंडमध्ये गेले, पुढे सोव्हिएत संघात, आणि १९९१ पासून ते युक्रेनमधील ल्विव आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य १९१८ साली लयास गेले. आजोबा ऑस्ट्रियाचे म्हणून व्हिएन्नात शोध घेणाऱ्या नातवाला अनेकदा रिकाम्या हाताने परतावे लागते. ज्याच्यापाशी खेड्याचे नाव असते, तो निदान योग्य दिशेने जाऊ शकतो.

दिल्लीच्या विस्थापितांनी ही गोष्ट जणू उपजत बुद्धीने ओळखली होती. १९४१ साली दिल्ली प्रांताची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती. १९५१ च्या जनगणनेत ती १७ लाख ४४ हजार झाली, आणि त्यांत जवळजवळ ५ लाख विस्थापित होते. पुराना किल्ला आणि किंग्सवे येथील छावण्यांतून बाहेर पडून ही माणसे शहरभर वसली. सरकारने वसविलेल्या नगरांना लजपतराय, राजेंद्रप्रसाद, वल्लभभाई पटेल अशा राष्ट्रीय नेत्यांची नावे मिळाली. लोकांनी आपापसांत मिळून वसविलेल्या वसाहतींची नावे मात्र वेगळ्या तऱ्हेची आहेत. गुजराँवाला टाउन, डेरावाल नगर, मियाँवाली नगर, कोहाट एन्क्लेव्ह, भेरा एन्क्लेव्ह ही ती नावे होत. त्यांपैकी एकही प्रांताचे किंवा देशाचे नाव नाही. सारी नावे शहरांची आहेत. दिल्लीलगतच्या फरिदाबादला १९४९ नंतर जे नवे नगर उभारण्यात आले, तेथे बन्नू, कोहाट, डेरा इस्माईल खान येथील कुटुंबे आली. ज्या वायव्य सरहद्द प्रांतातून ती आली, त्याचे नाव २०१० साली खैबर पख्तुनख्वा झाले. बन्नू मात्र बन्नूच राहिले. शहराचे नाव धारण करणाऱ्या वसाहतींना नाव बदलावे लागले नाही. प्रांताचे नाव घेणाऱ्या वसाहतीला ते बदलावे लागले.

संस्थानांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. राष्ट्रीय नाट्य विद्यालय ज्या आवारात आहे, त्याचे नाव बहावलपूर हाउस. बहावलपूर हे सतलजच्या काठचे मोठे संस्थान होते. ते ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानात सामील झाले आणि १४ ऑक्टोबर १९५५ रोजी पश्चिम पाकिस्तान प्रांतात विलीन झाले. पूर्वेकडे पूर्व बंगालचे नाव ज्या दिवशी गेले, त्याच दिवशी पश्चिमेकडे बहावलपूरचे राज्य संपले. पुढे १ जुलै १९७० रोजी तो पश्चिम पाकिस्तान प्रांतही मोडण्यात आला. बडोदा हाउस, पतियाळा हाउस, बिकानेर हाउस, हैदराबाद हाउस अशा वास्तूंवरून रोज हजारो लोक जातात. ती नावे ज्या राज्यांची, त्यांपैकी एकही राज्य आज अस्तित्वात नाही.

मग कागद कोठे असतात? या प्रश्नाचे उत्तर पश्चिमेकडून आलेल्यांसाठी एक आहे आणि पूर्वेकडून आलेल्यांसाठी दुसरे.

पश्चिम पंजाबमधील हिंदू व शीख खातेदारांनी सुमारे ६७ लाख एकर जमीन मागे सोडली. पूर्व पंजाबमधून गेलेल्या मुसलमानांची सुमारे ४७ लाख एकर जमीन वाटपासाठी उपलब्ध होती. या विषम हिशेबातून न्याय्य वाटणी करण्यासाठी प्रत्येकाचा दावा तपासणे भाग होते. दोन्ही पंजाबांनी परस्परांना जमाबंदीच्या नकला दिल्या. एकाच गावाहून आलेल्यांना एकत्र बसवून प्रत्येकाचा दावा सर्वांसमोर पडताळण्यात आला. शहरी मालमत्तेसाठी १९५० चा विस्थापित व्यक्ती (दावे) अधिनियम आणि नुकसानभरपाईसाठी १९५४ चा अधिनियम करण्यात आला. या व्यवहारातून जे कागद निर्माण झाले, त्यांत मूळ गाव, तहसील, वडिलांचे नाव आणि हिस्सेदार यांची नोंद असते. पंजाबच्या महसुली दप्तरात 'शजरा नसब' नावाचा तक्ताही असतो. तो गावातील खातेदारांचा वंशवृक्ष होय. महाराष्ट्रातील वंशावळीच्या कागदांशी त्याचे साम्य वाचकांच्या लक्षात येईल. कर कोणाकडून घ्यावयाचा, हे ठरविण्यासाठी सरकारने तो केला. पणतूला तो पणजोबाचे नाव सांगतो, हा त्याचा अनुषंगिक उपयोग आहे.

पूर्वेकडील विस्थापितांना असा दावा करण्याची संधी नव्हती. ८ एप्रिल १९५० रोजी दिल्लीत झालेल्या नेहरू-लियाकत करारानुसार त्यांचा तेथील मालमत्तेवरील हक्क कायम मानण्यात आला होता. ते परत जातील, अशी अपेक्षा होती. म्हणून १९५४ च्या अधिनियमाचा लाभ पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांपुरताच राहिला. पूर्वेकडील कुटुंबांना भरपाई मिळाली नाही आणि, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही, दाव्याची फाइलही मिळाली नाही. १९६५ च्या युद्धाच्या वेळी पाकिस्तानने त्यांची मालमत्ता 'शत्रूची मालमत्ता' म्हणून ताब्यात घेतली. बांगलादेश झाल्यावर १९७४ साली तिला 'निहित मालमत्ता' असे नाव मिळाले. तेथील संसदेने २००१ साली ती परत करण्याचा कायदा केला आणि पुढे अशा मालमत्तांच्या याद्या राजपत्रात छापल्या गेल्या. ज्या यादीने कुटुंबाची जमीन हिरावली, त्याच यादीत कधी कधी आजोबांचे नाव, मौजा आणि क्षेत्र सापडते.

परंतु पूर्व बंगालचा खरा आधार त्याहून जुना आहे. १८८५ च्या बंगाल कूळ कायद्यान्वये तेथील जिल्ह्यांची शेतवार मोजणी करण्यात आली. १८८८ मध्ये सुरू झालेले हे काम १९४० पर्यंत चालले. ढाका जिल्ह्याची मोजणी १९१० ते १९१७ या काळात झाली. तिच्यातून जे 'खतियान' तयार झाले, ते आपल्याकडील सातबाऱ्याच्या उताऱ्याच्या जातीचे होय. त्यात वर जमीनदाराचे नाव, खाली जमीन धारण करणाऱ्याचे व त्याच्या वडिलांचे नाव, सोळा आण्यांपैकी प्रत्येक भाऊबंदाचा हिस्सा, भूखंडाचा क्रमांक, क्षेत्र आणि खंड अशी माहिती असते. प्रत्येक मौजाला ठाण्यानुसार एक अनुक्रमांक दिलेला होता. प्रांत व देश बदलले, तरी ढाका किंवा बारिसाल येथील अभिलेखकक्षात कागद शोधताना आजही प्रथम ठाणे, मौजा आणि तो अनुक्रमांकच विचारला जातो. राज्ये बदलतात, परंतु नवे राज्य जुन्या राज्याचे महसुली दप्तर सहसा जाळून टाकीत नाही. ते पुढे चालविते. कारण कर त्यालाही हवा असतो.

सरकारी दप्तराबाहेरची दुसरी परंपरा तीर्थक्षेत्रांची आहे. हरिद्वारचे पंडे यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या राखीत आले आहेत. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांकडे आपल्या वाडवडिलांच्या हातचे लेख ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही पद्धत परिचित आहे. या वह्या देशवार नसून गाव, जिल्हा आणि जात यांनुसार लावलेल्या असतात. म्हणून झंग किंवा मुलतान पाकिस्तानात गेले, तरी हरिद्वारातील त्यांची वही हरिद्वारातच राहिली. १९४७ नंतर अस्थिविसर्जनासाठी तेथे गेलेल्या कित्येक पंजाबी कुटुंबांना आपल्या गावाचे नाव प्रथमच पुन्हा लिहिलेले दिसले, ते त्या वहीत. अमेरिकेतील युटा येथील वंशावळी संस्थेने यांपैकी अनेक वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली आहेत.

या साधनांच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा लिपीची. पश्चिम पंजाबची जमाबंदी उर्दूत, व्यापाऱ्यांच्या वह्या लंडा लिपीत, पूर्वेचे खतियान बंगालीत. दिल्लीत हिंदी व इंग्रजी शिकलेल्या नातवाला आजोबांची सहीसुद्धा वाचता येत नाही. मोडी कागदांची पेटी घरात असून ती वाचणारा घरात नाही, ही स्थिती महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. दुसरी मर्यादा स्त्रियांची. वही असो वा शजरा, तो पुरुषांचा वंश सांगतो. मुलीचे नाव बहुधा येतच नाही; सुनेचे आले, तर अमक्याची पत्नी एवढेच येते. म्हणून कागदावरून काढलेला वंशवृक्ष नेहमीच अर्धा असतो. उरलेला अर्धा भाग घरातील वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात असतो आणि त्यांच्याबरोबरच नाहीसा होतो.

तिसरी मर्यादा शोध घेणाऱ्याच्या मनातली आहे. विस्थापित कुटुंबात मागे राहिलेले घर दर पिढीगणिक मोठे होत जाते. प्रत्येकाचे आजोबा जमीनदार होते, प्रत्येकाच्या अंगणात तळे होते. खतियान उघडले की तेथे अनेकदा तालुकदार, मधल्या पायरीचा हक्कदार किंवा साधी रयत आढळते. बंगालमधील कुलपंजींची गोष्ट याहून नाजूक आहे. आदिशूर राजाने कनौजहून पाच ब्राह्मण आणले व त्यांच्याबरोबर पाच कायस्थ आले, अशी कथा त्यांत सांगितली जाते; परंतु या राजाच्या अस्तित्वाचा भक्कम समकालीन पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. रमेशचंद्र मजुमदार यांच्यासारख्या इतिहासकाराने या कुलग्रंथांची कठोर छाननी केली. यावरून घरातील सांगीवांगी टाकाऊ ठरते, असे मात्र नव्हे. आजोबांच्या गावचा घाट, बाजाराचा वार, जवळच्या स्टीमर-थांब्याचे नाव या गोष्टी आजी बहुधा अचूक सांगते. जमिनीचे क्षेत्र ती वाढवून सांगते. कोणत्या गोष्टीसाठी कोणाची साक्ष घ्यावी, हे शोधणाऱ्याला ठरवावे लागते.

हा सारा खटाटोप हौसेचा आहे, असे कोणाला वाटेल. काहींच्या बाबतीत तो तसा असेलही. सर्वांना ती चैन परवडत नाही. आसाममध्ये राष्ट्रीय नागरिक नोंदणी झाली, तेव्हा अर्जदाराला २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपूर्वीच्या कागदात आपले किंवा आपल्या पूर्वजाचे नाव दाखवावे लागले आणि त्या पूर्वजाशी आपले नातेही सिद्ध करावे लागले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक अर्जदार वगळले गेले. विवाहानंतर गाव बदललेल्या, वडिलांशी नाते सांगणारा शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसलेल्या स्त्रियांची यात विशेष कुचंबणा झाली. महाराष्ट्रातही २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे तपासली, तेव्हा मराठवाड्यासाठी हैदराबाद संस्थानच्या कागदांकडे वळावे लागले. जे राज्य १९४८ साली संपले आणि ज्याचा प्रदेश १९५६ साली तीन राज्यांत वाटला गेला, त्याच्या नोंदीवर आजच्या तरुणाचा दाखला अवलंबून राहावा, ही घटना विचार करण्यासारखी आहे. राज्य संपल्यानंतरही त्याने लिहून ठेवलेला शब्द माणसाच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष देत राहतो. ज्याच्याजवळ तो शब्द नाही, त्याच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही.

म्हणूनच आपल्या शासनाने योजलेल्या एका छोट्याशा तोडग्याचे महत्त्व ओळखले पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७ पूर्वी आजच्या पाकिस्तानात किंवा बांगलादेशात जन्मलेल्या भारतीयाला पारपत्राच्या अर्जात जन्मदेश म्हणून 'अविभाजित भारत' असे लिहिता येते. असा देश आज नाही. परंतु ज्या क्षणी ते मूल जन्मले, त्या क्षणाचे ते सत्य वर्णन आहे. जन्माच्या वेळी जे होते तेच लिहावे, नंतरच्या घडामोडी मागे नेऊन चिकटवू नयेत, हा वंशशोधाचाही पहिला नियम होय.

विक्रमपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावी लागते. तेथे पद्मेला 'कीर्तिनाशा' असेही नाव आहे, कारण तिने राजवल्लभ राजाच्या राजनगरसारखी वैभवशाली स्थळे गिळली. तिचा प्रवाह आजही काठ कापीत असतो. त्यामुळे चित्तरंजन पार्कमधून निघालेला एखादा गृहस्थ ठाणे, मौजा व अनुक्रमांक बरोबर घेऊन तेथे पोहोचतो आणि त्याला केवळ पाणी दिसते. देशही नाही आणि गावही नाही. अशा वेळी उरतो तो अभिलेखकक्षातील शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा आणि खतियान.

त्या खतियानात त्याला काय मिळते, हे शेवटी पाहिले पाहिजे. पणजोबांचे नाव मिळते, हिस्सा मिळतो. परंतु तेवढेच नव्हे. शेजारच्या भूखंडांचे कागद उलगडत गेले, तर एकाखाली एक शेख, दास, मंडल, चक्रवर्ती, बेपारी अशी नावे येतात. ज्यांचा सामाईक बांध होता, ज्यांचे गुरे पाण्यावर नेण्याचे वाट-हक्क एकमेकांत गुंतलेले होते, अशी ती माणसे. देशाच्या नावावरून शोध घेणाऱ्याला फाळणीची रेषा सापडते, तर गावाच्या नावावरून शोध घेणाऱ्याला त्या रेषेपूर्वीचा शेजार सापडतो. तो शेजार नेहमी गोडीगुलाबीचा होता, असे समजण्याचे कारण नाही. खंडाचे, कर्जाचे, बांधाचे तंटे त्याच कागदांतून दिसतात. पण ती माणसे खरी होती आणि त्यांना नावे होती, एवढे त्यांवरून निश्चित होते.

दिल्लीत १९४७ ते १९७१ या काळात जे आले, त्यांतील मोठी माणसे आता थोडीच उरली आहेत. राष्ट्रीय अभिलेखागारातील फायली पुढील पिढ्यांसाठी थांबून राहतील. ही माणसे थांबू शकणार नाहीत. ज्यांच्या घरी अशी व्यक्ती आहे, त्यांनी तिला कोणता देश, असे विचारू नये. गाव कोणते, ठाणे कोणते, पोस्ट कोठले, नदी कोणती, बाजार कोणत्या वारी भरे आणि शेजारी कोण होते, एवढे विचारावे. तिची उत्तरे तिच्याच शब्दांत, आणि तिला येत असेल तर तिच्याच लिपीत, लिहून घ्यावीत. तिची आई कोणत्या गावची होती, हेही त्याच कागदावर अवश्य लिहावे.